पहिली बंदूक कोणती?

एकेकाळी काही मोजक्या घरांतून एक प्रश्न मोठ्या गांभीर्याने विचारला जात असे. मुलगा वयात आला, थोडाफार धीट झाला, की त्याच्या हाती पहिली बंदूक कोणती द्यावी? तितर, लावे, पाणलावे, हरियल, रानबदके आणि ससे अशी 'लहान शिकार' करण्यासाठी नवशिक्याला कोणते हत्यार योग्य? इंग्रजी शिकारग्रंथांत या प्रश्नावर पाने खर्ची पडलेली आहेत. आज आपल्या देशात हौसेच्या शिकारीला कायद्याने पूर्ण बंदी आहे. मग हा प्रश्न अभ्यासण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे, की या एका प्रश्नाच्या पोटात यंत्रविद्या, इतिहास, कायदा आणि निसर्ग ही चारही दालने सामावलेली आहेत. शिवाय कोकणातून मुंबईच्या उपनगरांत आलेल्या पुष्कळ कुटुंबांच्या गावाकडे आजही शेतीसंरक्षणाची बंदूक खुंटीला टांगलेली असते. तेव्हा हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

बंदूक आणि रायफल

आपल्या महाविद्यालयातील एन.सी.सी.च्या छात्रांनी पॉइंट टू टू रायफल हाताळलेली असते. तिच्या नळीच्या आत पिळाचे आटे असतात. गोळी त्या आट्यांतून फिरत बाहेर पडते आणि त्यामुळे सरळ, लांब जाते. पक्षी मारण्याची बंदूक निराळी. तिची नळी आतून गुळगुळीत असते व तिच्यातून एका गोळीऐवजी शेकडो बारीक शिशाचे छर्रे एकदम सुटतात. उडता पक्षी हे क्षणात नाहीसे होणारे लक्ष्य असल्यामुळे त्याच्यावर एक गोळी नेमकी बसवण्यापेक्षा छर्‍यांचा पुंजका त्याच्या वाटेवर फेकणे हे त्यामागील तत्त्व होय. रायफलने नेम 'धरायचा' असतो, तर छर्‍याच्या बंदुकीने पक्ष्याच्या थोडे पुढे नळी 'फिरवायची' असते.

जुनी ठासणीची बंदूक तोंडाकडून भरत. दारू, चिंधी, छर्रे आणि पुन्हा चिंधी असे एकेक थर गजाने ठासावे लागत. पुढे मागच्या बाजूने काडतूस घालण्याची सोय झाली. बंदूक बिजागरीवर मोडायची, काडतूस सरकवायचे आणि मिटायची. एक नळीची ती एकनळी, दोन नळ्यांची ती दुनळी.

बोअर म्हणजे काय?

बंदुकीचे माप 'बोअर'मध्ये सांगतात आणि येथे नवख्या माणसाचा हटकून गोंधळ होतो, कारण आकडा वाढला की नळी लहान होते. त्याचे कारण ऐतिहासिक आहे. एक पौंड शिशाचे समान बारा गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा साहजिकच लहान होईल. म्हणून वीस बोअरची नळी बारीक असते. मिलिमीटरमध्ये सांगायचे तर १२ बोअर सुमारे १८.५, १६ बोअर १६.८, २० बोअर १५.६ आणि २८ बोअर १४ मिलिमीटर. 'चारशे दहा' नावाची जी सर्वांत लहान बंदूक आहे, तिचा आकडा मात्र या हिशेबातला नाही. तो इंचातला व्यास आहे, म्हणजे ०.४१० इंच किंवा सुमारे १०.४ मिलिमीटर.

आपल्या देशात १२ बोअर सर्वाधिक रुळली, कारण तिची काडतुसे सर्वत्र मिळत. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. बंदुका बनवणारे कारागीर म्हणून बिहारमधील मुंगेरचे नाव देशभर झाले. बंदूक कितीही उत्तम असली आणि काडतूस मिळत नसेल, तर ती काठीच्याच मोलाची. म्हणून 'जिची काडतुसे मिळतात ती निवडा' हा पहिला व्यवहारी नियम.

छर्रे, चोक आणि पल्ला

आता खरा हिशेब पाहू. बारा बोअरच्या सामान्य काडतुसात सुमारे ३० ग्रॅम छर्रे असतात. इंग्रजी मापाच्या सहा नंबरचे छर्रे एका औंसात २७० भरतात. म्हणजे एका काडतुसात सुमारे २८५ छर्रे झाले. लहान पाणलाव्यासाठी आठ नंबर वापरत. ते एका औंसात ४५० असतात. आकडा मोठा, छर्रा बारीक, हा येथेही तोच उलटा न्याय.

नळीचे तोंड किंचित आवळलेले असते, त्याला 'चोक' म्हणतात. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, तसाच हा प्रकार. चोकची परीक्षा ४० यार्डांवर ३० इंच व्यासाचे वर्तुळ काढून करतात. पूर्ण चोकच्या नळीतून शंभरातले सुमारे ७० छर्रे त्या वर्तुळात पडतात, अर्ध्या चोकमधून ६०, आणि चोक नसलेल्या सरळ नळीतून ४०. या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस इंच. पूर्ण चोकने त्यात २०० छर्रे पडले तर साडेतीन चौरस इंचांना एक छर्रा येतो, आणि सरळ नळीने ११५ पडले तर सहा चौरस इंचांना एक. पक्ष्याचे अंग केवढेसे! दोन छर्‍यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून तो सुखरूप निसटू शकतो. याहून वाईट म्हणजे एखाद-दुसरा छर्रा पंखात किंवा पोटात घेऊन तो झुडपात जाऊन पडतो आणि सावकाश मरतो.

यावरून असे वाटेल की नवशिक्याला पूर्ण चोकची बंदूक द्यावी. अनुभवी लोक नेमका उलट सल्ला देत. पूर्ण चोकचा पुंजका जवळच्या अंतरावर फार दाट आणि लहान असतो. नवशिक्याचा नेम चुकतो, आणि लागलाच तर पक्ष्याच्या चिंधड्या होतात. म्हणून थोडा चोक आणि २५ ते ३५ यार्डांची मर्यादा असे धोरण सांगितले जाई. पल्ल्याबाहेरच्या पक्ष्यावर बार न टाकणे हे चांगल्या शिकार्‍याचे पहिले लक्षण मानले जाई. मात्र छर्रा तेथेच थांबत नाही. सहा नंबरचा छर्रा दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पक्ष्याच्या मागे काय आहे, गुराखी आहे की झोपडी, हे पाहिल्याखेरीज चापाला बोट लावायचे नाही, हा कडक दंडक असे.

लहान हाताला लहान बंदूक?

मुलगा लहान म्हणून बंदूकही लहान, म्हणजे 'चारशे दहा', हा वडीलधार्‍यांचा सर्वसाधारण विचार असे. पण आकडे काय सांगतात? तिच्या साध्या काडतुसात अर्धा औंस, म्हणजे सहा नंबरचे १३५ छर्रे. पूर्ण चोक धरला तरी ४० यार्डांवर वर्तुळात सुमारे ९५ पडणार. बारा बोअरची चोक नसलेली नळीसुद्धा याहून अधिक छर्रे टाकते. तेव्हा ही बंदूक मुलाच्या खांद्याला हलकी असली, तरी पक्ष्याच्या दृष्टीने क्रूर ठरते, कारण ती मारते थोडे आणि जखमी करते फार. ती वास्तविक अतिशय कुशल माणसाने अगदी जवळच्या अंतरावर वापरण्याची वस्तू होय. यामुळे जाणते लोक बारीक चणीच्या नवशिक्याला वीस बोअर सुचवीत आणि अंगाने भरलेल्याला हलक्या काडतुसासह बारा बोअर.

वजनाबाबत बर्मिंगहॅमचे प्रसिद्ध बंदूककार ग्रीनर यांचा ९६ चा नियम प्रमाण मानला जाई. छर्‍यांच्या वजनाच्या ९६ पट बंदुकीचे वजन असावे, म्हणजे धक्का सोसवतो. ३० ग्रॅम छर्‍यांना २ किलो ८८० ग्रॅमची बंदूक हवी. बारा बोअरची दुनळी साधारण तीन किलोची असते, हे या नियमाशी जुळते. हलकी बंदूक दिवसभर वाहायला सुखाची, पण खांद्याला दणका देणारी. आणि धक्क्याची भीती बसली की नवशिक्या चाप ओढताना डोळे मिटतो.

शेवटची कसोटी दस्त्याची. दस्ता खांद्याला लावून गाल टेकवला की डोळा आपोआप नळीच्या टोकावरील माशीच्या रेषेत आला पाहिजे. दस्ता लांब झाला तर कपड्यात अडकतो, आखूड झाला तर अंगठा नाकावर आपटतो. एकनळी की दुनळी, या वादात पुष्कळांचा कौल एकनळीकडे असे. दुसरा बार हाताशी नसला म्हणजे पहिला विचारपूर्वक टाकला जातो, हे त्याचे कारण.

या सर्व नियमांकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बोअर, चोक, पल्ला, छर्‍याचा नंबर या प्रत्येक निवडीत शिकार्‍याच्या सोयीइतकाच पक्ष्याच्या यातनांचाही हिशेब दडलेला आहे. ज्याला बंदूक नीट निवडता येत होती, त्याला आपण काय करतो आहोत हे कळल्यावाचून राहत नसे.

निवडण्याचा अधिकार कोणाला?

'पहिली बंदूक कोणती' हा प्रश्न विचारण्याची मुभा तरी किती जणांना होती? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई केली, तर युरोपियनांना त्यातून सूट होती. ज्याच्याजवळ पैसा, ओळख आणि परवाना तोच शिकारी. दुसरीकडे आपल्या महाराष्ट्रातील फासेपारधी पिढ्यान्‌पिढ्या घोड्याच्या केसांचे फासे लावून तितर-लावे धरीत. पोटासाठी दोन लावे धरणार्‍या या लोकांचे नाव गुन्हेगार जमातींत घातले गेले. १८७१ चा तो कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, तरी कपाळीचा डाग अजून पुरता पुसलेला नाही.

आणि त्याच काळात साहेबांची शिकार कशी चाले? १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरच्या पाणथळीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ शिकार झाली. त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. याला खेळ म्हटले गेले. फासे लावणारा गुन्हेगार आणि चार हजार पक्षी पाडणारे सन्मान्य पाहुणे, हा न्याय आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या तासाला अवश्य विचारात घ्यावा.

चेंबूरची चिमणी

योगायोग असा, की १२ नोव्हेंबर ही डॉ. सालिम अली यांची जन्मतारीख. ते १८९६ मध्ये मुंबईत जन्मले. लहानपणीच आईवडील गेल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. खेतवाडीत घर आणि सुट्टीत चेंबूर. तेव्हाचे चेंबूर म्हणजे झाडीचे खेडे. मामा स्वतः शिकारी. त्यांनी भाच्याला हवेची बंदूक दिली. ती त्यांची पहिली बंदूक. त्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, म्हणून मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली. येथून एका आयुष्याची दिशा बदलली. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक आले, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले, आणि २० जून १९८७ रोजी ते वारले.

ही संस्था १८८३ साली मुंबईत आठ जणांनी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

सालिम अलींनी पुढे बंदूक टाकून दिली, अशी गोड कथा सांगण्याचा मोह होतो. ती खरी नाही. संग्रहालयासाठी नमुने गोळा करताना त्यांनी बंदूक वापरली आणि शास्त्रासाठी ते आवश्यक आहे असेच त्यांचे मत होते. फरक हेतूचा होता. त्यांनी मारलेल्या पक्ष्याची नोंद होई, मोजमाप होई, आणि त्यातून जिवंत पक्ष्यांविषयी काही कळे. एका प्रश्नाने बंदूक ज्ञानाचे साधन झाली. तो प्रश्न विचारलाच नसता, तर ती चिमणी केवळ एक घास ठरली असती.

कायदा काय म्हणतो?

मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पुष्कळांची समजूत अशी असते, की त्या वर्षीच सर्व शिकार बंद झाली. मूळ कायद्यात मात्र 'लहान शिकारीचा' परवाना देण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली आणि तेव्हापासून तितर, लावा, ससा यांचीही हौसेखातर शिकार करता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी होऊन दंडाच्या रकमाही वाढल्या.

हत्यारांचा कायदा वेगळा, तो १९५९ चा. त्याप्रमाणे एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणजे या अंकाचे बहुतेक वाचक त्या रांगेत उभेच राहू शकत नाहीत. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांकडून आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकार्‍यांकडून मिळतो. शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद या कायद्यात खास आहे. येथे गावाकडच्या मंडळींनी एक भेद पक्का ध्यानात ठेवावा. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुकराने भात लोळवले तरी त्याला मारण्यासाठी वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अधिकृत वनाधिकार्‍याची परवानगी लागते. जिवावर बेतल्यास स्वसंरक्षणाची गोष्ट अर्थात वेगळी. रात्रभर माळ्यावर जागणार्‍या शेतकर्‍याला हे कागद जाचक वाटतात आणि त्याचे दुःख खोटे नाही. पक्षी-प्राण्यांच्या रक्षणाचा खर्च एकट्या त्याच्या शेतावर पडू नये, नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, हे शहरात राहून निसर्गप्रेम सांगणार्‍यांनी प्रथम म्हटले पाहिजे.

ज्याला बंदूक चालवण्याचीच आवड आहे त्याला मातीच्या तबकड्यांचा खेळ मोकळा आहे. ११० मिलिमीटर व्यासाची तबकडी यंत्राने हवेत उडते आणि २४ ग्रॅम छर्‍यांच्या काडतुसाने ती फोडायची. बिकानेरचे महाराज कर्णीसिंग यांनी १९६२ मध्ये कैरो येथील जागतिक स्पर्धेत या प्रकारात रौप्यपदक मिळवले. राज्यवर्धनसिंग राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये 'डबल ट्रॅप'चे रौप्यपदक आणले. तबकडीला यातना नसतात.

उपनगरातील पहिले साधन

आता आपल्या परिसराकडे वळू. बोरिवली ते मुलुंडच्या मध्ये पसरलेले सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान, पवईचा तलाव, भांडुपची मिठागरे आणि ठाण्याची खाडी हे सारे आपल्या लोकलच्या पासाच्या टप्प्यात आहे. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. ज्या हरियलाच्या मागे शिकारी वडा-उंबरांखाली दबा धरून बसत, तो आज महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे.

येथे पहिले साधन कोणते निवडावे? उत्तर दुर्बीण असे आहे, आणि मौज म्हणजे तिच्या निवडीचे नियमही बंदुकीसारखेच आहेत. तिच्यावर '८×४२' असे लिहिलेले असते. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसर्‍याला पहिल्याने भागले की डोळ्यात येणार्‍या प्रकाशझोताची रुंदी मिळते, येथे ५.२५ मिलिमीटर. हा आकडा मोठा तर पहाटेच्या अंधुक उजेडातही स्पष्ट दिसते. नवशिका जास्त पट मोठे दाखवणारी मागतो. पण दहा-बारा पटींत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि दृश्याचा घेर लहान होऊन पक्षी सापडतच नाही. जसा पूर्ण चोक, तशीच ही हाव. आठ पट पुरे. चष्मा असणार्‍यांनी तो लावूनच पाहून घ्यावी. तिच्याबरोबर एक वही आणि पेन्सिल, कारण नोंद नसेल तर पाहिलेले आठवड्यात विसरते.

ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी प्रथमच कोणी चढले आहे, अशा आम्हा अनेकांना स्वतःची दुर्बीण परवडणारी नाही. म्हणून येथे एक सूचना करावीशी वाटते. ग्रंथालयात जसे शब्दकोश सर्वांसाठी असतात, तशा दोन दुर्बिणी महाविद्यालयाने घ्याव्यात आणि ओळखपत्रावर रविवारपुरत्या द्याव्यात. पक्ष्यांची ओळख ही विज्ञानशाखेची मक्तेदारी नाही. तितराची हाक, टिटवीचा टाहो, पावश्याचे बोलणे आपल्या ओव्यांत आणि म्हणींत आहे. ते पक्षी डोळ्यांनी न पाहता त्यांच्यावर परीक्षेत टिपा लिहिण्यात काय अर्थ?

चेंबूरच्या त्या मुलाने विचारलेला प्रश्न आजही शिल्लक आहे: 'हा पक्षी कोणता?' तो विचारायला परवाना लागत नाही आणि एकवीस वर्षांची अटही नाही.